थँक्सगिव्हिंग १६२१ पासूनचा? नाही

नोव्हेंबर संपत आला की फॅमिली ग्रुपवर एक गोष्ट हमखास फिरते: १६२१ साली इंग्लंडहून अमेरिकेतल्या प्लिमथला आलेल्या लोकांनी मूळ रहिवाशांना टर्की खाऊ घालून आभार मानले, तोच हा अमेरिकी सण.

मेजवानी झाली, हे खरं. त्या वसाहतवाल्यांपैकीच एक, एडवर्ड विन्स्लो, याच्या पत्रात तिचं वर्णन आहे. पीक हाती आलं होतं, वाम्पानोआग या तिथल्या मूळ जमातीचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस खाणंपिणं चाललं. पाच हरणं तर पाहुण्यांनीच मारून आणली! टर्कीचं नाव पत्रात नाही, नुसते ‘पक्षी’ आहेत. आणि मुख्य म्हणजे, या जेवणाला तिथे कोणी ‘आभारदिन’ म्हटलेलं नाही. त्या कर्मठ मंडळींच्या लेखी आभारदिन म्हणजे प्रार्थना, जेवणावळ नव्हे.

मग सुट्टी आली कुठून? वॉशिंग्टनने १७८९ मध्ये एक दिवस जाहीर केला होता, पण दरवर्षीची देशभरची प्रथा पडली ती लिंकनच्या १८६३ च्या घोषणेपासून. मासिकाच्या संपादिका सारा जोसेफा हेल त्यासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहून हात धुऊन मागे लागल्या होत्या. यादवी युद्ध ऐन भरात होतं. घोषणेत विधवा आहेत, अनाथ आहेत, प्लिमथचा उल्लेखही नाही. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ मध्ये.

मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम पुढे वसाहतवाल्यांविरुद्धच्या युद्धात १६७६ मध्ये मारला गेला. त्याचं शिर प्लिमथमध्येच खांबावर लावलं होतं. १९७० पासून मूळ रहिवासी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तिथे जमून शोकदिन पाळतात.