६०६१ की ६०८२? एचई २० आणि एचई ३० यांतील फरक

ड्रॉइंगवर ६०६१ हा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा क्रमांक लिहिलेला असतो, दुकानदार एचई ३० चा रॉड कापून देतो आणि 'दोन्ही एकच' असे सांगतो. ते एकच नाहीत. एचई ३० हे ६०८२ या दुसऱ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे जुने ब्रिटिश मानकातले नाव असून ते आपल्या बाजारात अजून टिकून आहे. भारतीय मानकात त्याला ६४४३० म्हणतात. ६०६१ ला एचई २०, म्हणजेच ६५०३२, जुळते.

गोंधळ होणे मात्र स्वाभाविक आहे. दोन्ही मिश्रधातूंना ताकद मिळते ती मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांच्या संयुगामुळे. दोन्हींची घनता घन सेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम आहे आणि स्थितिस्थापकता गुणांक (ताठपणाचे माप) सुमारे ७० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या एक-तृतीयांश. त्यामुळे भाराखाली एखादा भाग जास्त वाकत असेल, तर मिश्रधातू बदलून काही साधत नाही. जाडीच वाढवावी लागते.

फरक आहे तो इतर घटकांत. ६०६१ मध्ये ०.१५ ते ०.४० टक्के तांबे आणि थोडे क्रोमियम असते. ६०८२ मध्ये तांबे ०.१ टक्क्याच्या आत ठेवतात, पण मँगनीज ०.४ ते १ टक्का घालतात, आणि हे मँगनीज एक्स्ट्रूजनच्या, म्हणजे तापलेला धातू साच्यातून दाबून रॉड किंवा सेक्शन काढण्याच्या, वेळी धातूची कणरचना आवरून धरते. म्हणूनच २० ते १५० मिलिमीटर व्यासाच्या टी ६ (उष्णता देऊन कडक केलेल्या) रॉडसाठी युरोपीय मानकात ६०८२ ची किमान ताणशक्ती ३१० मेगापास्कल आहे, तर ६०६१ ची २६०. मात्र पातळ भिंतीचे, गुंतागुंतीचे सेक्शन ६०८२ मधून काढणे अवघड जाते, आणि ॲनोडायझिंगनंतर (विजेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवल्यावर) त्याचा रंग किंचित करडा दिसू शकतो.

यंत्रकामात या आकड्यांपेक्षा टेम्पर, म्हणजे प्रक्रियेने धातूला आणलेली कडकपणाची अवस्था, अधिक महत्त्वाचा ठरतो, असे माझे मत आहे. टी ६ म्हणजे सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात थंड केलेला आणि मग १६० ते १८० अंशांना काही तास ठेवून कडक केलेला माल. तो दोन्हींत स्वच्छ कापला जातो. मऊ, ॲनील केलेला माल मात्र टूलच्या धारेला चिकटतो आणि पृष्ठभाग फाटल्यासारखा होतो. प्लेटमधून खोल पॉकेट (खोलगट खाच) मिल करायचे असेल, तर टी ६५१ मागावी, कारण ती ताणून आतले ताण कमी केलेली असते. साधी टी ६ प्लेट एका बाजूने पोखरली की क्लॅम्प सोडताच ती पिळवटण्याचा धोका असतो.

६०६१ चा वापर सायकलच्या फ्रेम, निर्वात कक्ष आणि विमानांचे फिटिंग यांत होतो. ६०८२ चा पूल, ट्रस आणि क्रेन यांत. वेल्डिंगने दोन्हींचा टी ६ चा कडकपणा सांध्याजवळ बराच उतरतो. साध्या ब्रॅकेटला किंवा जिगला अदलाबदल सहसा चालते, पण दाबाखालच्या भागांत नाही. ६०८२ च्या जवळच्या ६३५१ या मिश्रधातूपासून बनवलेल्या, पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हरांच्या हवेच्या सिलिंडरांत मानेपाशी, सतत भाराखाली राहून, तडे जात असल्याचे आढळले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील उत्पादन ६०६१ कडे वळले. अशा कामासाठी टेस्ट सर्टिफिकेटवर क्रमांक आणि टेम्पर दोन्ही वाचूनच माल उचलावा.