आमचा फॉर्म एवढा लांब का?
(चार-आठ दिवसांच्या मुक्कामासाठी येणाऱ्यांच्या घरच्यांना)

आमच्या शुश्रूषा केंद्रात थोड्या दिवसांसाठी घरचं आजारी किंवा वयस्कर माणूस ठेवायचं म्हटलं की आधी सहा पानी फॉर्म हातात पडतो. "नाव, वय, औषधं एवढं पुरत नाही का?" असं बरेच जण विचारतात. नाही पुरत. कायम राहणाऱ्या माणसाच्या सवयी कळायला महिना-दोन महिने मिळतात. इथे ओळख होते न होते तोच घरी जायचा दिवस उजाडतो. म्हणून तुम्हाला वर्षानुवर्षांच्या सेवेतून जे ठाऊक झालंय, ते आम्हाला पहिल्या संध्याकाळीच हवं असतं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे : पलंगावरून कोणत्या बाजूने उतरतात? हा प्रश्न आमच्याच चुकीतून आला. एक आजोबा मुक्कामाला होते. घरी त्यांच्या उजव्या हाताला भिंत, त्यामुळे डावीकडून उतरायची सवय. आम्ही पलंग नेमका उलटा लावलेला. पहाटे लघवीला उठले, झोपेतच डावीकडे वळले तर भिंत. गोंधळून दुसरीकडून उतरायला गेले, तोल गेला आणि गुडघा सोलला. हाडावर बेतलं नाही, एवढंच नशीब. कॉल बेल उशाशीच होती. पण अर्धवट झोपेत माणसाला बेल आठवत नाही, सवय आठवते. आता पलंग घरच्यासारखा लावतो आणि बाथरूमपर्यंत मंद दिवा रात्रभर चालू ठेवतो. उठवताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवतो, कारण एकदम उभं राहिल्यावर बीपी खाली येऊन चक्कर येते.

औषधं

मूळ स्ट्रिप आणि डॉक्टरांची ताजी चिठ्ठी आणा. डबीत एकत्र केलेल्या सुट्या गोळ्या आम्ही घेत नाही. तुम्ही ओळखता, रात्रपाळीची सिस्टर ओळखेलच असं नाही. 'सकाळी एक' असं न लिहिता घड्याळातली वेळ लिहा. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) लेव्होडोपा या गोळीला थोडा उशीर झाला तरी काही जणांचं अंग आखडतं, पाय जागचे हलत नाहीत. शिवाय जेवणातली प्रथिनं या गोळीच्या शोषणात आडवी येतात, म्हणून काहींना ती जेवणाच्या अर्धा तास आधी लागते. इन्सुलिनचं उलट : टोचून झालं आणि जेवण रेंगाळलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड यांतलं तुमच्या माणसात आधी काय दिसतं, तेही लिहा.

त्वचेची तपासणी

आल्या आल्या तुमच्यासमोर डोक्यापासून टाचेपर्यंत त्वचा बघतो आणि आकृतीवर खुणा करतो. काहींना हा संशय वाटतो. थोडासा आहेच, दोन्ही बाजूंनी. जाताना तीच तपासणी पुन्हा तुमच्यासमोर होते, म्हणजे वाद उरत नाही. माकडहाड, खुबे, टाचा या जागा महत्त्वाच्या. लाल जागा बोटाने दाबून सोडल्यावर क्षणभर फिकी पडत नसेल तर ती बेडसोरची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजायची. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही. तिथे जागा गरम, घट्ट किंवा दुखरी लागते का, हे हातानेच कळतं.

बेडसोरचा धोका किती हे ठरवायला आम्ही १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेलं ब्रेडन मोजमाप वापरतो. संवेदना, ओल, हालचाल, आहार अशा सहा बाबींना मिळून ६ ते २३ गुण असतात. १८ किंवा त्याखाली आले की जपावं लागतं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलतो, गरज असेल तर त्याआधीही. एअर बेड (हवेची गादी) आणलात तर चांगलंच, पण त्यामुळे कूस बदलणं सुटत नाही.

जागा बदलली की

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसाला पहिले एक-दोन दिवस जड जातात. संध्याकाळी "घरी जायचंय" सुरू होतं. तेव्हा आम्ही वाद घालत नाही, आणि "हेच तुमचं घर" असं खोटंही बोलत नाही; सोबत फेऱ्या मारतो. त्यांची रोजची चादर आणि उशी न धुता आणलीत तर फार उपयोग होतो. चष्मा, कवळी, कानाचं मशीन आणि त्याचे जास्तीचे सेल विसरू नका. ऐकू न येणारा माणूस उगाचच 'गोंधळलेला' ठरतो.

पण काल बरा असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला किंवा नुसता गुंगीत राहिला, तर 'नवी जागा आहे, होतं असं' म्हणून आम्ही सोडून देत नाही. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, कमी पाणी, नवीन गोळी यांतलं काही आहे का ते बघतो आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवतो.

बघायला याल तेव्हा

इथे किंवा कुठेही, एक प्रश्न जरूर विचारा : रात्री जागं कोण असतं, आणि किती जणांमागे? दिवसा सगळीच घरं बरी दिसतात. 'आमच्याकडे सगळे रात्री शांत झोपतात' असं कुणी सांगितलं तर ते कशाने झोपतात, हे विचारा. आम्ही हात बांधत नाही, आणि डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय झोपेची गोळी देत नाही. म्हणून आमच्याकडे रात्री थोडी वर्दळ असते. व्हेंटिलेटरवरचा किंवा प्रकृती अजून स्थिर न झालेला रुग्ण मात्र आम्ही घेत नाही. तेवढी यंत्रणा आमच्याकडे नाही.

जमलं तर तुमच्या माणसाला आधी एक दिवस, मग एक रात्र ठेवून बघा. पहिलाच मुक्काम तुमच्या ऑपरेशनच्या आठवड्यात नको.

घरी जाताना

निघताना उरलेल्या गोळ्या मोजून देतो आणि दोन पानांची नोंद देतो : झोप, जेवण, शौच, त्वचा, आणि आम्हाला नव्याने दिसलेलं काही. वजन लिहितो, पण आठ दिवसांत ते फारसं काही सांगत नाही. नोंदीतलं काही कळलं नाही तर फोन करा. जिने ती लिहिली त्या सिस्टरशीच बोलणं करून देतो.