अमेरिकेत डीयूआयची अटक झाल्यानंतर व्हिसा स्टॅम्पिंग: अर्ज नेमका कुठे अडतो?

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल (डीयूआय) अमेरिकेत अटक झालेल्या बहुतेक एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) धारकांची समजूत अशी असते की दंड भरला, न्यायालयाने सांगितलेले वर्ग पूर्ण केले आणि प्रोबेशनचा, म्हणजे न्यायालयाच्या देखरेखीचा, काळ संपला, म्हणजे प्रकरण मिटले. न्यायालयापुरते ते मिटतेही. व्हिसाची फाइल मात्र अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे असते, आणि त्या खात्याला निकालाच्याही आधी अटकेशी कर्तव्य असते. त्यामुळे भावाच्या लग्नासाठी जेमतेम दोन आठवड्यांची रजा काढून आलेला माणूस स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे कॉन्सुलेटमधून पासपोर्टात नवा व्हिसा घेण्यासाठी, मुंबईत अडकून पडतो आणि तिकडे नोकरी टांगणीला लागते. शुल्क भरणे, वेळ घेणे, बोटांचे ठसे देणे हे सर्व इतर अर्जदारांप्रमाणेच होते, म्हणून त्याविषयी येथे काही लिहिलेले नाही. अर्ज जिथे अडतो त्याच जागांचा विचार केला आहे.

पहिली अडचण अटकेच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होते आणि तिचा व्हिसाशी थेट संबंधही नसतो. रक्तातील मद्यार्काची मर्यादा यूटा राज्यात ०.०५ टक्के आणि इतर राज्यांत ०.०८ टक्के आहे. ती ओलांडली किंवा श्वासचाचणीला नकार दिला, तर फौजदारी खटल्याखेरीज वाहन परवान्याविरुद्धची प्रशासकीय कारवाईही स्वतंत्रपणे चालते. कॅलिफोर्नियात पोलीस परवाना काढून घेतात आणि ३० दिवस चालणारा तात्पुरता कागद हाती देतात. तो कागद पाहून लोक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात परवाना निलंबनाविरुद्ध सुनावणी मागण्याची मुदत अवघी १० दिवसांची असते आणि शनिवार-रविवारही त्यात धरले जातात. टेक्सासमध्ये हीच मुदत १५ दिवसांची आहे. न्यायालयाची तारीख महिनाभर पुढची असते, तेव्हा वकील नेमू, असे म्हणणाऱ्यांचा हा हक्क तोवर गेलेला असतो.

यानंतर केव्हातरी, अनेकदा निकाल लागण्यापूर्वीच, कॉन्सुलेटकडून व्हिसा रद्द केल्याचा ईमेल येतो. मागील पाच वर्षांत डीयूआयची अटक झाली असेल किंवा दोष सिद्ध झाला असेल, तर व्हिसा खबरदारी म्हणून रद्द करण्याचे धोरण परराष्ट्र खात्याने २०१५ मध्ये स्वीकारले. पोलिसांनी घेतलेले बोटांचे ठसे सरकारी यंत्रणांपर्यंत आपोआप पोहोचतात, त्यामुळे ही माहिती कोणी कळवावी लागत नाही. ईमेल येतो तो जुन्या डीएस-१६० अर्जात, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, दिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता विद्यार्थिदशेतला असेल किंवा जुन्या एजंटने स्वतःचाच घातलेला असेल, तर पत्र अर्जदाराला कळतच नाही. पासपोर्टातला व्हिसा दिसायला जसाच्या तसा असतो, आणि परतीच्या प्रवासात विमान कंपनीच्या काउंटरवर प्रथमच समजते की तो संगणकात रद्द झालेला आहे.

व्हिसा रद्द होणे आणि अमेरिकेतील वास्तव्याचा दर्जा संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा हा देशात प्रवेश मागण्याचा परवाना असतो. किती दिवस राहता येईल हे आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरून ठरते. म्हणून केवळ त्या ईमेलमुळे दुसऱ्या दिवशी सामान बांधण्याची गरज बहुधा नसते, परंतु देशाबाहेर पाऊल टाकले की नवा व्हिसा घेतल्यावाचून परत येता येत नाही. विद्यार्थ्यांनी येथे अधिक सावध राहावे. २०२५ च्या वसंतात किरकोळ पोलीस नोंदींवरूनही हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी संगणक यंत्रणा) नोंदी बंद करण्यात आल्या होत्या. अनेक न्यायालयांत दावे दाखल झाल्यावर एप्रिलअखेर त्या पूर्ववत करण्याचे सरकारने मान्य केले. असे पत्र आले तर ते इमिग्रेशनच्या वकिलाला त्याच आठवड्यात दाखवावे.

आता डीएस-१६० अर्जाकडे वळू. त्यातील प्रश्न असा आहे की आपल्याला कधीही, कोणत्याही गुन्ह्यासाठी, अटक झाली आहे काय किंवा दोषी ठरवले आहे काय. पुढे माफी मिळाली असली तरीही. या प्रश्नाला पाच वर्षांची मर्यादा नाही. वर सांगितलेला पाच वर्षांचा काळ व्हिसा रद्द करण्याच्या धोरणापुरता आणि पुढे सांगितलेल्या वैद्यकीय तपासणीपुरता आहे, तो या प्रश्नाला लावून ‘नाही’ लिहिणारे अर्जदार आजही भेटतात. खटला मागे घेतला गेला, आरोप बदलून बेदरकार वाहनचालनाचा झाला, नोंद न्यायालयाच्या आदेशाने पुसली गेली, यांपैकी काहीही झालेले असले तरी अटक झाली होती आणि उत्तर ‘होय’ असेच आहे. एका साध्या डीयूआयमुळे व्हिसा कायमचा नाकारला जाण्याचे कारण सहसा नसते. खोट्या उत्तरामुळे मात्र फसवणुकीच्या कलमाखाली आयुष्यभराची बंदी लागू शकते. जी गोष्ट अधिकाऱ्याला पडद्यावर दिसतेच आहे, ती लपवून नेमके काय साधते, हे न कळे.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अर्ज अडतात ते न्यायालयाच्या प्रमाणित निकालपत्राच्या अभावी. लोक न्यायालयाच्या संकेतस्थळावरून काढलेली प्रत, दंडाची पावती किंवा वकिलाचे ‘प्रकरण संपले’ असे पत्र घेऊन येतात, आणि त्यांच्या हातात २२१(जी)ची, म्हणजे कागद अपुरे असल्याने निर्णय थांबवल्याची, चिठ्ठी पडते. हवा असतो तो न्यायालयाच्या कचेरीतील क्लार्कने सही आणि शिक्का करून दिलेला कागद, ज्यावर खटल्याचा क्रमांक, मूळ आरोप, आरोपीने काय कबूल केले, अंतिम आरोप, शिक्षा आणि ती पूर्ण झाल्याची नोंद असते. त्यासोबत अटकेचा पोलीस अहवाल, वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि प्रोबेशन संपल्याचा आदेश जोडावा. नोंद जुनी म्हणून नष्ट झाली असेल, तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असे लेखी पत्र क्लार्ककडूनच घ्यावे. भारतात पोहोचल्यावर हे कागद मागवणे म्हणजे टपालाची वाट पाहत बसणे, म्हणून निघण्यापूर्वीच दोन-तीन प्रमाणित प्रती घेऊन ठेवाव्यात. आपल्याकडील नावांचा घोळ येथेही सुटत नाही: पासपोर्टावर स्वतःच्या नावासोबत वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, परवान्यावर नसते, आणि न्यायालयाची नोंद परवान्यावरून झालेली असते. तफावत असेल तर जन्मतारीख आणि परवाना क्रमांक दाखवणारा कागद जवळ असू द्यावा.

मुलाखतीत अधिकारी निर्णय देईल अशी अपेक्षा ठेवू नये. मागील पाच वर्षांत एक किंवा मागील दहा वर्षांत दोन डीयूआय असतील, तर अर्जदाराला वैद्यकीय तपासणीसाठी पॅनल डॉक्टरकडे पाठवणे त्या अधिकाऱ्याला नियमानेच भाग असते. पाच वर्षे मोजताना अटक आणि दोषसिद्धी या दोन्ही तारखा पाहिल्या जातात. निकाल वर्षभराने लागला असेल तर काळ तितका लांबतो. तपासणी कॉन्सुलेटच्या यादीतील डॉक्टरांकडेच होते. अमेरिकेतील आपल्या डॉक्टरचे प्रमाणपत्र तिला पर्याय ठरत नाही, मात्र तेथील समुपदेशकाचा मद्यसेवनाविषयीचा अहवाल सोबत न्यावा, त्याचा उपयोग होतो. डॉक्टर किती पिता, केव्हापासून, अटकेच्या रात्री काय झाले, त्यानंतर काय बदलले, असे विचारतात; रक्तचाचणी होऊ शकते, कधी मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवले जाते. पोलीस अहवालात रक्तातील मद्यार्क ०.१६ टक्के लिहिलेला असताना ‘फक्त एक बिअर घेतली होती’ असे सांगणे हा स्वतःच्याच पायावर धोंडा आहे. मद्याशी निगडित विकार आणि त्यातून घडलेले घातक वर्तन असा निष्कर्ष निघाला, तर व्हिसा नाकारला जातो, आणि विकारातून बाहेर पडल्याचा किमान १२ महिन्यांचा काळ दाखवावा लागतो किंवा विशेष सूट मागावी लागते. विकार नाही असे ठरले, तर प्रक्रिया पुढे सरकते. या सगळ्याला किती आठवडे लागतील हे कॉन्सुलेट सांगत नाही आणि विचारून उपयोगही होत नाही, म्हणून दूरस्थ कामाची सोय होईल का, हे कंपनीला निघण्यापूर्वीच विचारावे.

ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांच्यासाठी एक सूचना आहे. गुन्हा कबूल करा, वर्ग करा, नंतर नोंद काढून टाकू, असा प्रस्ताव सरकारी वकिलाकडून आला, तर तो आकर्षक वाटतो. परंतु इमिग्रेशन कायद्यात गुन्ह्याची कबुली आणि तिच्यावर आधारित कोणतीही शिक्षा किंवा बंधन एवढे असले की दोष सिद्ध झाला असे धरले जाते, मग राज्याचा कायदा त्याला काहीही म्हणो. कबुलीचे इमिग्रेशनवरील परिणाम अशिलाला सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पॅडिला खटल्यात ठरवले आहे. तेव्हा ते लेखी मागण्यात संकोच बाळगू नये. गाडीत लहान मूल असणे, कोणी जखमी होणे किंवा निलंबित परवान्यावर गाडी चालवणे अशा बाबी सोबत असतील, तर प्रकरण साध्या डीयूआयचे राहत नाही आणि या लेखातील माहिती त्याला पुरेशी नाही. नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्यांनी हेही पाहावे की अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत डीयूआयच्या दोन किंवा अधिक दोषसिद्धी असतील, तर अर्जदाराचे वर्तन चांगले नाही असे २०१९ च्या निर्णयानुसार गृहीत धरले जाते आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

भारतात जाण्याऐवजी कॅनडात स्टॅम्पिंग उरकण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो ऐकू नये. बिगरस्थलांतरित व्हिसासाठी नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असे परराष्ट्र खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले आहे. शिवाय कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेल्यामुळे, त्यानंतरची एकच दोषसिद्धीही तेथे गंभीर गुन्ह्यात मोडते आणि साध्या नायगाऱ्याच्या सहलीतही सीमेवरून परत पाठवले जाऊ शकते. शिक्षा, प्रोबेशनसह, पूर्ण होऊन पाच वर्षे झाल्यावर कॅनडाकडे पुनर्वसनाचा, म्हणजे जुन्या गुन्ह्यामुळे आलेली प्रवेशबंदी उठवण्याचा, वेगळा अर्ज करता येतो. तोवर जायचेच असेल, तर तात्पुरता निवास परवाना मागावा लागतो आणि तो देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते.