टच किऑस्क कसा घडत गेला: कोटेशनच्या ओळींमागचा इतिहास

धंद्यासाठी टच किऑस्क, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः स्क्रीनला बोट लावून चालवायचं उभं मशीन, घ्यायचं ठरलं की पहिला वाद हमखास इंचांवरून होतो, ३२ घ्यायचा की ४३ की थेट ५५, मग व्हेंडरचं कोटेशन येतं, त्यात पीकॅप, आयआर, निट्स, आयपी६५, आयके१० असली अक्षरं एकाखाली एक लिहिलेली असतात आणि बहुतेक लोक ती सगळी सोडून सरळ तळाच्या आकड्यावर जातात. त्या अक्षरांचा कंटाळा येतो हे मान्य. पण त्यातली जवळपास प्रत्येक ओळ आधीच्या कुणाचा तरी किऑस्क कुठेतरी अडकला म्हणून आलेली आहे, आणि तो कुठे अडकला हे माहीत असलं की आपल्या जागेला कुठली ओळ लागते आणि कुठली उगाच आहे हे बऱ्यापैकी समजतं.

टचस्क्रीन मुळात गिऱ्हाइकांसाठी जन्मली नाही. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या डिस्प्लेची कल्पना मांडली, ती एअर ट्रॅफिक कंट्रोलसाठी. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या मशीनच्या कंट्रोल रूमसाठी कपॅसिटिव्ह टचस्क्रीन बनवली, म्हणजे बोट जवळ आल्याने विजेत होणारा बारीक बदल ओळखणारी, कारण एवढ्या मोठ्या मशीनला जेवढी बटणं आणि नॉब लागले असते तेवढे भिंतीवर बसवणं म्हणजे वेडेपणाच झाला असता, त्यापेक्षा एकच स्क्रीन आणि तिच्यावर गरजेप्रमाणे बदलणारी बटणं हे सोयीचं. मशीन १९७६ ला सुरू झालं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, हे सगळे वापरणारे ट्रेनिंग घेतलेले लोक होते, आत बसून काम करणारे, रोज तीच स्क्रीन बघणारे. किऑस्कसमोर येतो तो याच्या बरोबर उलटा माणूस, पहिल्यांदा आलेला, घाईतला, हातात पिशवी, कदाचित ओला किंवा ग्लव्हज घातलेला हात, आणि वाचायची अजिबात तयारी नाही. पुढची पन्नास वर्षं हे अंतर कापण्यात गेली.

अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत डोनाल्ड बिट्झर यांच्या टीमची प्लेटो नावाची शिक्षणाची कॉम्प्युटर सिस्टिम होती, तिच्या १९७२ च्या प्लेटो फोर टर्मिनलला नारिंगी प्लाझ्मा डिस्प्ले आणि त्यावर १६ बाय १६ ची इन्फ्रारेड जाळी होती, म्हणजे फ्रेमच्या कडेने न दिसणारे प्रकाशाचे किरण आणि बोटाने किरण अडला की जागा कळायची. याच कॅम्पसवर १९७७ मध्ये मरे लॅप नावाच्या विद्यार्थ्याने 'प्लेटो हॉटलाइन' उभी केली, कॅम्पसचे नकाशे, बसच्या वेळा, कोर्सची माहिती, कोणीही यावं आणि बघावं. सेल्फ सर्व्हिस इंटरअॅक्टिव्ह किऑस्क म्हणून साधारणपणे हाच पहिला धरतात आणि तो हजारो लोकांनी वापरला. म्हणजे किऑस्क सुरू झाला तो विकण्यातनं नाही, रस्ता सांगण्यातनं.

आता टेक्नॉलॉजीची भांडणं. सॅम हर्स्ट हे केंटकी युनिव्हर्सिटीतले संशोधक, त्यांना ग्राफच्या पट्ट्यांवरचे आकडे हाताने वाचून वाचून वैताग आला होता, त्यातनं १९७१ मध्ये 'एलोग्राफ' नावाचा सेन्सर आला, तो पारदर्शकही नव्हता. पारदर्शक १९७४ ला झाला आणि १९७७ ला हर्स्ट यांच्याच एलोग्राफिक्स कंपनीने फाइव्ह-वायर रेझिस्टिव्ह आणला. या फाइव्ह-वायरचं कारण फार शिकण्यासारखं आहे. रेझिस्टिव्हमध्ये दोन थर असतात, वरचा प्लास्टिकचा, खालचा काचेचा, दाबलं की दोन्ही चिकटतात. साध्या फोर-वायरमध्ये दोन्ही थर मोजमापात भाग घेतात, म्हणजे वरचं प्लास्टिक लोकांच्या बोटांनी झिजलं की सगळी स्क्रीन चुकीची जागा दाखवायला लागते. फाइव्ह-वायरमध्ये मोजमापाचं काम खालच्या काचेकडे दिलं आणि वरचा थर नुसता टेकायला ठेवला, त्यामुळे वरचा झिजला तरी स्क्रीन बराच काळ नीट चालते. सार्वजनिक जागेत सगळ्यात जास्त झिजणारा भाग कुठला आणि त्याच्यावर काय अवलंबून आहे, हा विचार तेव्हापासूनचा आहे, आजही कुठलाही किऑस्क बघताना मी आधी तेवढंच बघतो.

बाकीच्यांचीही अशीच एकेक दुखरी जागा. इन्फ्रारेडला, म्हणजे कोटेशनमधल्या आयआरला, ग्लव्हज चालतात, पेन चालतं, काहीही चालतं, पण फ्रेमच्या कडेला धूळ साचली किंवा माशी बसली की तीही टच म्हणून मोजली जाते. १९८३ च्या एचपी-१५० कॉम्प्युटरमध्ये हीच पद्धत होती आणि त्या बारीक भोकांत धूळ जायची. शिवाय उभ्या स्क्रीनवर हात सतत वर धरून काम केलं की खांदा भरून येतो, त्याला इंजिनिअर लोक तेव्हापासून 'गोरिला आर्म' म्हणतात. टीव्हीच्या रिमोटसाठी ओळखले जाणारे झेनिथचे रॉबर्ट अॅडलर यांनी आवाजाच्या लहरींवर चालणारी टचस्क्रीन पुढे आणली, काच एकदम स्वच्छ दिसते, पण पाण्याचा थेंब बसला की तीही गोंधळते. म्हणजे प्रत्येकाला एक जागा मानवते आणि एक मानवत नाही, सगळीकडे चालेल असं कधी काही नव्हतंच.

स्क्रीनपेक्षाही मला मेरीलँड युनिव्हर्सिटीतल्या बेन श्नायडरमन यांच्या लॅबचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८८ च्या सुमारास त्यांनी दाखवलं की बोट टेकताक्षणी निवड न धरता बोट उचलल्यावर धरली, आणि टेकल्यावर नेमकं कुठे आहोत ते दाखवलं, तर चुका कमी होतात. तोवर लोक म्हणायचे की बोट जाडं आहे, टच अचूक होऊच शकत नाही, पण दोष बोटाचा नव्हता, सॉफ्टवेअरचा होता. मग २००४ मध्ये कोल आणि हिस्झेम यांनी उभं राहून किऑस्कवर आकडे टाइप करायला लावून तपासलं, तर २० मिलिमीटरच्या आसपासचं बटण लोकांना बरं पडलं. डेमो बघायला गेलात की पट्टी घेऊन बटणं मोजा, हसतील हसू देत. मोबाइलचं अॅप ताणून मोठ्या स्क्रीनवर टाकलेलं असलं तर लगेच कळतं.

विक्रीचा किऑस्क खऱ्या अर्थाने जमला तो फ्लोर्शाइम या अमेरिकन बूट कंपनीला, १९८५ च्या सुमारास. दुकानात साइझ किंवा रंग नसला की गिऱ्हाईक रिकाम्या हाती जायचं, म्हणून त्यांनी बायव्हिडिओ नावाच्या कंपनीकडून किऑस्क बनवून घेतले, व्हिडिओडिस्कवर बुटांची चित्रं, तिथेच निवडायचं, कार्डने पैसे द्यायचे, ऑर्डर फोन लाइनवरून मुख्य कॉम्प्युटरला जायची आणि बूट घरी किंवा दुकानात यायचे. असे सहाशेच्या वर बसवले आणि ते काही वर्षं चालले. या गोष्टीत लोकांना हार्डवेअरचं कौतुक वाटतं, मला वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, दर तिमाहीला नवी डिस्क बनायची. म्हणजे स्क्रीनवर काय दाखवायचं ते सतत बदलत राहायचं हे धरलेलंच होतं. आज लोक मशीनचे पैसे देऊन मोकळे होतात आणि वर्षभराने त्यावर बंद झालेल्या ऑफर फिरत असतात.

नव्वदच्या दशकात साधे पीसी, मग इंटरनेट आलं आणि किऑस्क सगळीकडे झाले, विमानतळांवर तर प्रत्येक एअरलाइनचा वेगळा. जागा तेवढीच, डबे वाढत चाललेले. शेवटी २००३ च्या सुमारास आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेने सीयूएसएस नावाचं स्टँडर्ड आणलं, म्हणजे एकाच किऑस्कवर अनेक एअरलाइन्सचे प्रोग्रॅम चालावेत. एकाच व्हेंडरच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये अडकायचं नसतं हे एअरलाइन्सना कळायला भरपूर डबे विकत घ्यावे लागले.

मग २००७ ला आयफोन आला आणि लोकांच्या बोटांची सवयच बदलली. आता कुणीही कुठल्याही काचेवर आधी सरकवून बघतो, दोन बोटांनी मोठं करून बघतो, आणि जोरात दाबायला लागणारी रेझिस्टिव्ह स्क्रीन त्याला बिघडलेली वाटते. पीकॅप म्हणजे कपॅसिटिव्हचाच प्रकार, काचेच्या मागे इलेक्ट्रोडची जाळी, वरची काच जाड ठेवता येते, वर झिजणारं काही नाही, म्हणून किऑस्कलाही ती मानवली आणि फोनमुळे तिचं उत्पादन इतकं वाढलं की स्वस्तही झाली. तरी मोठ्या स्क्रीनमध्ये इन्फ्रारेड अजून टिकून आहे, कारण सोपं आहे, पीकॅपचा खर्च क्षेत्रफळाबरोबर वाढतो आणि इन्फ्रारेडचा कडेच्या लांबीबरोबर. ५५ इंचाचं एखादं कोटेशन विचित्र स्वस्त दिसलं तर आधी विचारा, टच इन्फ्रारेडचा आहे का. इमारतीच्या आत, स्वच्छ जागेत इन्फ्रारेडने काही बिघडत नाही, धुळीत किंवा उन्हात बिघडतं.

ऊन ही वेगळीच कथा. निट्स हे स्क्रीनच्या उजेडाचं माप, इमारतीच्या आतल्या पॅनेलला ३०० ते ५०० निट्स पुरतात, थेट उन्हात २५०० च्या आसपास लागतात, नाहीतर गिऱ्हाइकाला स्वतःचाच चेहरा दिसतो. पण नुसता उजेड वाढवून भागत नाही, उन्हाने एलसीडी तापली की आतले लिक्विड क्रिस्टल आपली रचना सोडतात आणि स्क्रीनवर काळा डाग पसरतो, थंड झाल्यावर जातो पण रोज दुपारी परत येतो. म्हणून बाहेरच्या किऑस्कला जास्त तापमान सोसणारं पॅनेल आणि थंड ठेवायची सोय लागते. आयपी६५ मधला सहा धुळीचा आणि पाच पाण्याच्या फवाऱ्याचा, आयके१० म्हणजे २० ज्यूलचा आघात सोसणारं. आत, लिफ्टशेजारी लावायच्या किऑस्कला यातलं बहुतेक नको.

सॉफ्टवेअर कुलूपबंद का ठेवायचं त्याचं उदाहरण न्यूयॉर्कने दिलं. २०१६ च्या सुरुवातीला तिथे लिंकएनवायसी नावाचे, रस्त्यावर फुकट वायफाय देणारे किऑस्क सुरू झाले, त्यात लोकांसाठी उघडा ब्राउझर होता, आणि काही जण तासन्‌तास अडवून बसायला आणि नको ते बघायला लागल्यावर त्याच सप्टेंबरात ब्राउझिंग बंद करावं लागलं. फुकटचा वायफाय आणि बाकीच्या सोयी राहिल्या.

उंचीचा नियमही असाच ठोकर खाऊन आलेला. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या एडीए कायद्याच्या जुन्या स्टँडर्डमध्ये व्हीलचेअरवरून बाजूने हात पोचण्याची कमाल उंची ५४ इंच होती, २०१० च्या स्टँडर्डमध्ये ती ४८ वर आली. युरोपियन युनियनचा अॅक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, त्यात तिकिटाची, चेक-इनची आणि माहिती देणारी सेल्फ सर्व्हिस मशीनं येतात, आधीपासून वापरात असलेली मशीनं आयुष्य संपेपर्यंत चालू द्यायची मुभा देशांना आहे पण जास्तीत जास्त २० वर्षं. २० वर्षं! किऑस्कची लोखंडी पेटी कदाचित टिकेल, आतला कॉम्प्युटर नाही. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला तेव्हा जगभरातल्या कितीतरी एटीएममध्ये तीच चालू होती, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणून इंचांच्याही आधी हे लिहून घ्या की आतला कॉम्प्युटर पेटी न बदलता बदलता येतो का, आणि दिलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला सपोर्ट कुठल्या तारखेपर्यंत आहे.