रेडीमेड कला

रोजच्या वापरातली वस्तू उचलायची, फारसा बदल न करता किंवा नुसती दुसरीला जोडून मांडायची आणि हीच कलाकृती म्हणायचं, याला रेडीमेड कला म्हणतात. सुरुवात फ्रेंच कलाकार मार्सेल द्यूशाँपासून धरतात. त्यानं १९१३ मध्ये स्टुलावर सायकलचं चाक बसवलं, मग १९१७ ला न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात मुतारीचं चिनी मातीचं भांडं 'फाउंटन' नावानं पाठवलं, सही मात्र आर. मट अशी. फी भरेल त्याचं काम लावायचं असा तिथला नियम होता तरी ते लावलं नाही, आणि द्यूशाँ स्वतःच प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेच्या मंडळावर होता, त्यानं राजीनामा दिला. मूळ भांडं हरवलं, म्युझियममध्ये आज दिसतात त्या नंतरच्या प्रती.

विदर्भातल्या खेड्यात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, यात त्यानं केलं काय? प्रश्न बरोबरच आहे. त्यानं निवडलं, आणि वस्तूचं काम काढून घेतलं. भांडं आडवं पाडलं की मुतायच्या कामाचं राहत नाही, मग माणूस त्याच्याकडे पाहायला लागतो.

आपल्याकडे वावरात उलटं चालतं. रानडुकरं अन् रोही (नीलगाई) आत घुसू नयेत म्हणून धुऱ्यानं, म्हणजे बांधाच्या कडेनं, जुनी लुगडी बांधतात, दारूच्या रिकाम्या बाटल्या अशा टांगतात की वाऱ्यानं एकमेकींवर आपटून वाजाव्यात, खराब सीड्या लटकवतात, अन् फाटका सदरा घातलेलं, मडक्याच्या डोक्याचं बुजगावणं तर असतंच. शहरातले लोक फोटो काढून याला इन्स्टॉलेशन, म्हणजे जागेवर वस्तू मांडून केलेली कलाकृती, म्हणतात, पण ते लुगडं अजून ड्युटीवर आहे, अन् डुकरं सरावली की शेतकरी त्याची जागा बदलतो, दिसायला बरं दिसावं म्हणून नाही.

पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट अन् हँडल जोडून बैलाचं मुंडकं केलं. पोळा करणाऱ्या गावात ते समजावून सांगावं लागत नाही, शिंगं लगेच कळतात. बिहारचा सुबोध गुप्ता (जन्म १९६४) स्टीलच्या भांड्यांतून कामं करतो, २००६ ची त्याची 'व्हेरी हंग्री गॉड' म्हणजे भांड्यांची भलीमोठी कवटी. भांडी इकडच्या बाईला काही नवीन नाहीत, आंदणातला गुंड (पाण्याचं मोठं भांडं) अजून घरात असतो, अन् त्यावर देणाऱ्याचं नाव टाकलेलं असतं, आर. मटसारखं खोटं नाही.