क्वेसार

क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहाचा, अतितेजस्वी गाभा. या गाभ्यात कोट्यवधी, कधी अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू आत पडण्यापूर्वी तापतो आणि प्रकाशतो. हा प्रकाश इतका प्रखर असतो की भोवतालच्या दीर्घिकेतले सगळे तारे मिळूनही त्याच्यापुढे फिके पडतात, आणि साध्या दुर्बिणीतून ताऱ्यासारखा एकच ठिपका दिसतो. हे नाव हाँग-यी चिऊ या खगोलभौतिकीतज्ज्ञाने १९६४ मध्ये सुचवले. ‘ताऱ्यासारखा दिसणारा रेडिओ स्रोत’ या लांबलचक वर्णनाचे ते संक्षिप्त रूप आहे. पुढे असे आढळले की फार तर दहातला एखादाच क्वेसार रेडिओ लहरींत ठळक असतो, पण तोवर नाव रुळले होते.

क्वेसार ही दीर्घिकेहून वेगळी अशी वस्तू मानण्यापेक्षा मोठ्या दीर्घिकेच्या आयुष्यातला एक काळ मानणे योग्य ठरते. मधल्या कृष्णविवराला भरपूर खाद्य मिळते तोवर गाभा पेटलेला असतो. ते संपले की तो विझतो आणि कृष्णविवर मागे उरते.

शोध

दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओ दुर्बिणींनी आकाशातले शेकडो स्रोत टिपले, पण त्यांची जागा नेमकी ठरवता येत नव्हती. स्रोत नक्की कोठे आहे हे कळल्याशिवाय प्रकाशीय दुर्बीण रोखायची कोठे? १९६० मध्ये ३सी ४८ या स्रोताच्या जागी एक अंधूक निळसर तारा सापडला, मात्र त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशातल्या, रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात.

कोडे सुटले ते ३सी २७३ मुळे. केंब्रिजच्या तिसऱ्या रेडिओ यादीतली ही २७३ वी नोंद, कन्या राशीतली. १९६२ मध्ये चंद्र या स्रोतावरून अनेकदा जाणार होता. चंद्राची कड कोणत्या क्षणी कोठे असते हे अचूक माहीत असते. त्यामुळे रेडिओ संदेश कोणत्या क्षणी थांबला आणि कोणत्या क्षणी परत सुरू झाला हे नोंदवले की स्रोताची जागा हाती येते. सिरिल हॅझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून ही पिधाने, म्हणजे स्रोत चंद्राआड झाकला जाण्याच्या घटना, टिपली. त्यांपैकी एका वेळी स्रोत क्षितिजाच्या इतका जवळ होता की दुर्बिणीची थाळी नेहमीच्या मर्यादेपलीकडे खाली झुकवावी लागली. स्रोत दुहेरी निघाला. त्याचा एक भाग तेराव्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक) एका ‘ताऱ्यावर’ होता, आणि दुसरा त्या ताऱ्यातून निघालेल्या बारीक झोताच्या टोकाशी.

कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीतून मार्टिन श्मिट यांनी या ताऱ्याचा वर्णपट घेतला. ५ फेब्रुवारी १९६३ रोजी त्यावर लेख लिहीत असताना रेषांच्या मांडणीतला नियमितपणा त्यांच्या ध्यानात आला. त्या हायड्रोजनच्याच नेहमीच्या रेषा होत्या, फक्त सगळ्या एकाच प्रमाणात तांबड्या बाजूला सरकलेल्या. प्रयोगशाळेत ४८६ नॅनोमीटरवर दिसणारी रेषा इथे ५६३ वर होती. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. इथे ती ०.१५८ होती, म्हणजे जवळजवळ १६ टक्के. तोपर्यंत एवढी ताम्रसृती फक्त अंधूक दीर्घिकांत आढळली होती, ताऱ्यासारख्या ठिपक्यात ती असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. ही गुरुकिल्ली सापडताच ३सी ४८ च्या रेषाही जुळल्या. त्याची ताम्रसृती ०.३६७ निघाली.

ही ताम्रसृती विश्वाच्या प्रसरणामुळे आहे असे धरले तर ३सी २७३ आपल्यापासून सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षे दूर ठरतो. इतक्या लांबूनही तो बाराव्या-तेराव्या प्रतीचा दिसतो. तो ३३ प्रकाशवर्षांवर आणून ठेवला, तर आपल्या आकाशात जवळपास सूर्याइतकाच तळपेल.

एवढीशी जागा, एवढे तेज

नुसते तेज पाहून थक्क व्हावे, पण खरी अडचण आकाराची होती. हार्वर्ड वेधशाळेच्या १८८७ पासूनच्या काचेच्या छायापट्टिका तपासल्या, तेव्हा ३सी २७३ चे तेज कमी-जास्त होत आले आहे असे दिसले, आणि काही चढउतार महिन्यांच्या अवधीतले होते. एखादी वस्तू अख्खी एका महिन्यात उजळत असेल, तर तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला प्रकाश साधारण तेवढ्या काळात पोचलाच पाहिजे. म्हणजे तिचा आकार प्रकाशमहिन्यांत मोजायचा. आपल्या आकाशगंगेची तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. तिच्या कितीतरी पट प्रकाश तिच्या मानाने कणभर जागेतून येत होता. तारे कितीही दाटीवाटीने कोंबले तरी हा हिशेब बसत नाही. अणुमीलनात हायड्रोजनच्या वस्तुमानापैकी जेमतेम ०.७ टक्के ऊर्जेत बदलते, तेवढ्याने इथे भागत नाही.

१९६४ मध्ये अमेरिकेत एडविन सॉल्पीटर आणि सोव्हिएत संघात याकोव्ह झेल्दोविच यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच उत्तर सुचवले : ऊर्जा येते ती प्रचंड वस्तुमानावर वायू पडण्यातून. १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडन-बेल यांनी त्याला कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीची जोड दिली आणि जवळच्या शांत दीर्घिकांच्या पोटातही विझलेले क्वेसार असावेत असा तर्क मांडला. या विषयातले इतके दूरवर पाहणारे विधान क्वचितच सापडेल.

कृष्णविवर ऊर्जा कशी पुरवते

कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडत नाही, मग त्याच्याजवळ एवढा उजेड कसा, ही शंका रास्त आहे. हा सगळा उजेड घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परतत नाही त्या सीमेच्या, बाहेरचा असतो. कोयनेच्या पाण्यातून वीज निघते ती पाणी उंचावरून खाली पडते म्हणून. क्वेसारातही ऊर्जा पडण्यातूनच येते, मात्र इथला उतार विश्वातला सर्वांत खोल असतो.

वायू सरळ आत पडला तर फारसे तापायच्या आधीच गिळला जाईल. तसे होत नाही, कारण दीर्घिकेतल्या वायूला थोडी तरी फिरकी असतेच, आणि केंद्राकडे सरकताना ती वाढत जाते. त्यामुळे वायू कृष्णविवराभोवती चपट्या तबकडीत फिरू लागतो. आतला थर वेगाने, बाहेरचा सावकाश. आत सरकायचे तर वायूला आपला कोनीय संवेग, म्हणजे फिरकीचा साठा, बाहेरच्या थरांना देऊन टाकावा लागतो. साधे घर्षण त्याला फार अपुरे पडते. हे काम चुंबकीय क्षेत्र करते. वायूत गुंतलेल्या चुंबकीय रेषा थरांच्या वेगांतल्या फरकामुळे ताणल्या जातात आणि अख्ख्या तबकडीत खळबळ माजवतात. या अस्थैर्याचे गणित चंद्रशेखर यांनी १९६० मध्ये वेगळ्या संदर्भात केले होते. तबकड्यांसाठी त्याचे महत्त्व बाल्बस आणि हॉली यांनी १९९१ मध्ये दाखवले. खळबळीतून उष्णता, उष्णतेतून प्रकाश. मोठ्या कृष्णविवरांच्या तबकडीचा आतला भाग लाखभर अंशांपर्यंत तापतो आणि मुख्यतः जंबुपार प्रकाश देतो. तबकडीलगतच्या त्याहून कितीतरी उष्ण, विरळ वायूतून क्ष-किरण येतात.

न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतीची शेवटची स्थिर कक्षा घटनाक्षितिजाच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर असते. तिथवर पोचेपर्यंत वायू आपल्या वस्तुमानाच्या सुमारे ५.७ टक्के ऊर्जा देऊन मोकळा होतो. कृष्णविवर तबकडीच्याच दिशेने अतिवेगाने फिरत असेल तर ही कक्षा खूप आत सरकते, आणि तत्त्वतः ४२ टक्क्यांपर्यंत मजल जाते. मधला १० टक्क्यांचा आकडा धरला, तर वर्षाला एका सूर्याएवढा वायू गिळणारे कृष्णविवर सुमारे दीड लाख कोटी सूर्यांइतके तेज देते. २०२४ मध्ये जाहीर झालेला जे०५२९-४३५१ हा आजवरचा सर्वांत तेजस्वी ज्ञात क्वेसार सूर्याच्या सुमारे ५०० लाख कोटी पट प्रकाशतो. याच हिशेबाने तो रोज जवळजवळ एक सूर्य गिळतो.

या खाण्यालाही लगाम असतो. बाहेर येणारा प्रकाश स्वतःच वायूला मागे ढकलतो आणि ठरावीक तेजानंतर हा दाब गुरुत्वाकर्षणाला तोडीस तोड होतो. आर्थर एडिंग्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मर्यादा वस्तुमानाबरोबर वाढते, म्हणून तेजस्वी क्वेसाराला अवजड कृष्णविवर लागतेच. अल्पकाळ ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

३सी २७३ चे उदाहरण पुन्हा घेऊ. चिलीतल्या पारानाल येथील चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून २०१८ मध्ये त्याच्या गाभ्याजवळचा फिरता वायू प्रथमच वेगळा ओळखता आला. हा वायू केंद्रापासून सुमारे १४५ प्रकाशदिवसांवर, झोताच्या अक्षाभोवती फिरतो, आणि त्याच्या वेगावरून कृष्णविवर सुमारे २६ कोटी सूर्यांचे ठरते. ते सूर्याच्या जागी ठेवले तर त्याचे घटनाक्षितिज गुरूच्या कक्षेपर्यंत येईल. एवढ्याशा गोळ्याभोवतीचा उजेड २४० कोटी प्रकाशवर्षांवरून आपल्याकडच्या हौशी निरीक्षकाच्या आठ इंची दुर्बिणीतही दिसतो. एप्रिल-मेमधली अंधारी, स्वच्छ रात्र आणि चांगला आकाशनकाशा मात्र हवा.

काही क्वेसारांतून तबकडीला काटकोनात दोन झोत निघतात. त्यांतले कण जवळपास प्रकाशाच्या वेगाने जातात. ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार ही ऊर्जा फिरत्या कृष्णविवराच्या फिरकीतून चुंबकीय क्षेत्रामार्फत काढून घेतली जाते. ३सी २७३ चा झोत सुमारे दोन लाख प्रकाशवर्षे लांब आहे.

अंतराचा वाद

आज निर्विवाद वाटणारी ही मांडणी बराच काळ तशी नव्हती. काही क्वेसार आकाशात जवळच्या दीर्घिकांना चिकटून दिसतात असे खगोलशास्त्रज्ञ हाल्टन आर्प यांनी दाखवून दिले. ताम्रसृती खरोखर अंतराचीच खूण आहे का, हा प्रश्न फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी लावून धरला. कणांचे वस्तुमान काळानुसार बदलत असेल तर ताम्रसृतीचे वेगळे स्पष्टीकरण मिळू शकते, असे नारळीकरांनी गणिताने दाखवले होते.

पुरावा दुसऱ्या बाजूने जमत गेला. १९७९ मध्ये एकाच क्वेसाराच्या दोन प्रतिमा सापडल्या. वाटेतली एक दीर्घिका गुरुत्वीय भिंगासारखा प्रकाश वाकवत होती, आणि एका प्रतिमेतला चढउतार दुसरीत ४१७ दिवसांनी उमटत होता. म्हणजे क्वेसार त्या दीर्घिकेच्या मागेच असणार. १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने क्वेसारांभोवतीच्या दीर्घिका स्पष्ट दाखवल्या. तरी हा वाद वाया गेला असे म्हणता येणार नाही. अंतर गृहीत न धरता सिद्ध करा, हा आग्रह विज्ञानाला हवाच असतो. पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारणाऱ्या नारळीकरांनी अजित केंभावी यांच्यासह १९९९ मध्ये याच विषयावर जे पाठ्यपुस्तक लिहिले, त्यात कृष्णविवरांची उपपत्तीही सविस्तर मांडली आहे.

भारताचा या विषयाशी आणखी एक धागा आहे. पार्क्सच्या पिधानाचे १९६३ मधले निष्कर्ष वाचून रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांना चंद्रपिधानांसाठीच खास दुर्बीण बांधण्याची कल्पना सुचली. उटीजवळच्या उतारावर, पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशी ५३० मीटर लांबीची दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची, ४५ मीटरच्या ३० थाळ्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण हे त्यांचेच पुढचे काम.

विझलेले क्वेसार

स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या यादीत आता साडेसात लाखांवर क्वेसार आहेत. त्यांची सर्वाधिक गर्दी सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात दिसते. तेव्हा दीर्घिकांत वायू मुबलक होता आणि त्यांच्या टकरी व विलीनीकरणे वारंवार होत. आज असे तेजस्वी गाभे विरळ आहेत. पोलंडचे आंद्झेई सोल्तान यांनी १९८२ मध्ये उलटा हिशेब मांडला : सगळ्या क्वेसारांनी आजवर दिलेला प्रकाश मोजा, त्यासाठी किती वायू गिळला गेला असेल ते काढा, तेवढे वस्तुमान आजच्या कृष्णविवरांत असायला हवे. जवळच्या दीर्घिकांतली मोजणी याच्याशी चांगली जुळते, आणि लिंडन-बेल यांचा तर्क खरा ठरतो. एम८७ दीर्घिकेतल्या ज्या कृष्णविवराची छबी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, ते ६५० कोटी सूर्यांचे आहे. आपल्या आकाशगंगेतले ४० लाख सूर्यांचे कृष्णविवर तर सध्या जवळजवळ उपाशीच आहे.

सर्वांत अवघड प्रश्न उगमाचा आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेला जे०३१३-१८०६ हा क्वेसार विश्व ६७ कोटी वर्षांचे असतानाचा आहे, आणि त्यातले कृष्णविवर १६० कोटी सूर्यांचे. एडिंग्टन मर्यादेत राहून अखंड खाल्ले तर कृष्णविवराचे वस्तुमान साधारण साडेतीन कोटी वर्षांत दुप्पट होते. पहिल्या ताऱ्यांपैकी एखाद्याच्या मृत्यूतून उरलेले १०० सूर्यांचे कृष्णविवर घेतले तर २४ वेळा दुप्पट व्हावे लागते, म्हणजे ८४ कोटी वर्षे हवीत. विश्वाचे वयच तेवढे नव्हते. तेव्हा एक तर सुरुवातीला मर्यादा मोडून खाल्ले गेले, नाहीतर मुळातले बीज जड होते : तारे न बनताच अख्खा वायुमेघ कोसळून तयार झालेले, दहा हजार ते लाखभर सूर्यांचे कृष्णविवर. जड बीजांचा हा पर्याय प्रियंवदा नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपशीलवार मांडला आहे. २०२३ मध्ये जेम्स वेब आणि चंद्रा या दुर्बिणींनी मिळून यूएचझेड१ ही दीर्घिका टिपली. ती विश्व ४७ कोटी वर्षांचे असतानाची आहे, आणि तिच्यातले कृष्णविवर तिच्या सगळ्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या बरोबरीचे असावे असा अंदाज आहे. आजच्या मोठ्या दीर्घिकांत हे प्रमाण हजारात काही भाग एवढेच असते. जड बीज धरले तर अशी दीर्घिका अपेक्षितच होती.