भावकॉपी आणि ट्रेडिंग सॉफ्टवेअरसाठी जुन्या बाजारभावांची जुळवणी

दिवसाचे व्यवहार संपल्यावर शेअर बाजार त्या दिवसाच्या भावांची जी फाइल प्रसिद्ध करतो तिला भावकॉपी म्हणतात. ‘भाव’ हा दलालांच्या रोजच्या बोलीतला शब्द आणि इंग्रजी ‘कॉपी’ यांचा हा जोडशब्द आता बाजाराच्या अधिकृत परिपत्रकांतही रुळला आहे. मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई) आणि मुंबई शेअर बाजार (बीएसई) या दोन्ही संस्था आपापली भावकॉपी संकेतस्थळावर विनामूल्य देतात. अशा हजारो फाइली एकामागोमाग ओवून आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरला पुरवल्या, की खरेदी-विक्रीचा एखादा नियम मागील वर्षांत कसा ठरला असता हे तपासता येते. या तपासणीला बॅकटेस्टिंग म्हणतात.

एनएसईच्या भावकॉपीत प्रत्येक रोख्याची एक ओळ असते व तिच्यात चिन्ह (कंपनीचे लघुनाव), सिरीज (रोख्याचा प्रकार सांगणारी खूण), उघडता भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव, शेवटचा भाव आणि उलाढाल नोंदलेली असते. नवख्या माणसाला ‘क्लोज’ आणि ‘लास्ट’ हे एकच वाटतात, पण तसे नाही. ‘लास्ट’ म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या शेवटच्या सौद्याचा भाव. जुन्या भावकॉप्यांतील ‘क्लोज’ मात्र दुपारी ३ ते ३.३० या अर्ध्या तासातील सौद्यांच्या भावांची, शेअरसंख्येनुसार भारित सरासरी असते. त्यामुळे ‘बंद भावाला खरेदी’ असा नियम तपासणारा माणूस नकळत अशा किमतीला खरेदी करत असतो, जिला त्या क्षणी कदाचित एकही सौदा झाला नव्हता. जुलै २०२४ मध्ये फाइलीचा साचाच बदलला, स्तंभांची नावे व क्रम नवे आले आणि जुन्या साच्यावर बेतलेल्या आयात-आज्ञा निरुपयोगी ठरल्या. दीर्घ कालखंडाचा साठा उभारणाऱ्याला म्हणूनच दोन साचे लिहावे लागतात.

भारतातील हौशी ट्रेडरांत अमिब्रोकर हे सॉफ्टवेअर परिचित आहे. १९९५ मध्ये ते अमिगा संगणकासाठी तयार झाले आणि त्याच्या नावात ती खूण अजून आहे. त्यात आधी रिकामा डेटाबेस तयार करून मूळ कालांतर ‘दिवसअखेर’ असे ठरवतात, मग आयात-साच्यात कोणता स्तंभ कशाचा आणि तारीख कोणत्या क्रमाने लिहिली आहे ते सांगतात. तारखेचा क्रम चुकला तर सॉफ्टवेअर तक्रार करेलच असे नाही. दिवस-महिना हा क्रम महिना-दिवस असा वाचला गेला, तर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपैकी बहुतेकांचे भाव भलत्याच महिन्यांत जाऊन बसतात आणि तेरा तारखेपासूनच्या ओळी गळतात, तरीही आलेख दिसायला आलेखासारखाच दिसतो. सिरीजकडे दुर्लक्ष केल्यास याहून गमतीदार घोटाळा होतो. स्टेट बँकेने २०१०-११ मध्ये विकलेल्या, १०,००० रुपये दर्शनी किमतीच्या कर्जरोख्यांचे चिन्ह शेअरचेच होते, फक्त सिरीज वेगळी. ‘ईक्यू’ ही शेअरची सिरीज तेवढी न निवडता सगळी फाइल ओतली, की ज्या दिवशी कर्जरोख्यांत सौदा झाला त्या दिवशी बँकेचा शेअर दहा हजारांच्या घरात गेलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने खाली येतो.

या कामाचा खरा कस मात्र बोनस, विभाजन आणि विलीनीकरण यांच्या हिशेबात लागतो. भावकॉपी ही त्या दिवसाची नोंद असते आणि पुढे काय घडले त्यानुसार ती कुणी मागे जाऊन दुरुस्त करत नाही. रिलायन्सचा शेअर २८ ऑक्टोबर २०२४ रोजी एकास एक बोनसनंतरच्या भावाने उघडला. आदल्या शुक्रवारी सुमारे २,६५५ रुपयांवर बंद झालेला शेअर सोमवारी १,३०० ते १,४०० च्या दरम्यान होता. कोणाचाही पैसा बुडाला नव्हता, पण कच्च्या भावांवर चालणाऱ्या नियमाला ही निम्म्याने पडझड वाटते. म्हणून बोनसआधीचे सर्व भाव २ ने भागतात आणि, बरेच जण विसरतात ते म्हणजे, शेअरसंख्येतील उलाढाल २ ने गुणतात. कच्चे भाव वेगळे जपून ठेवणे शहाणपणाचे, कारण समायोजनात चूक झाल्यास परत येण्याची तीच एक वाट उरते.

चिन्हेही स्थिर नसतात. सेसा गोवा ही कंपनी २०१३ मध्ये सेसा स्टरलाइट आणि २०१५ मध्ये वेदांत झाली, आणि प्रत्येक वेळी चिन्ह बदलले. हे तुकडे जोडले नाहीत तर एकाच कंपनीचा इतिहास तीन ठिकाणी विखुरतो. आयसिन या रोख्याच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचा आधार घ्यावा तर दर्शनी किमतीचे विभाजन झाले की तोही बदलतो. शिवाय आजच्या निफ्टीतील ५० नावे घेऊन २००८ तपासणे म्हणजे निकाल लागल्यावर पैज लावणे होय. त्या वर्षी निर्देशांकात सत्यम होती. जानेवारी २००९ मध्ये हिशेबातील गैरव्यवहार उघड झाल्यावर तिला वगळण्यात आले, आणि आजची यादी वापरणाऱ्याला तो तोटा कधी दिसतच नाही.

मिनिटागणिक भावांत वेळेचा प्रश्न येतो. ९.१५ ते ३.३० या नेहमीच्या सत्रात ३७५ मिनिटे असतात, पण जानेवारी २०१० पूर्वी बाजार ९.५५ ला उघडत असे. ९.१५ ची नोंद त्या मिनिटाच्या आरंभाची की अखेरची, हे विक्रेत्यागणिक बदलते, आणि ते न तपासल्यास नियमाला पुढच्या मिनिटाचा भाव आधीच ठाऊक होतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तांत्रिक बिघाडामुळे एनएसईचे व्यवहार ११.४० ला थांबले, ३.४५ ला पुन्हा सुरू झाले आणि ५ पर्यंत चालले. ३.३० नंतरचे सर्व कापून टाकणारी चाळणी त्या दिवसाचा शेवट गिळते. मुहूर्ताच्या सौद्यांचेही तसेच. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, रविवारी आले आणि सायंकाळी तासभर बाजार भरला, पण बहुतेक सॉफ्टवेअरांतील शनिवार-रविवार वगळण्याची खूण चालू असेल तर तो दिवस साठ्यात येत नाही. अशा दिवसांची यादी बाजाराच्या परिपत्रकांवरून हातानेच करावी लागते.